इंजिन बंद, काच बोटभर उघडी

मिथुन उल्कावर्षाव ऐन भरात येतो तो १३-१४ डिसेंबरच्या रात्री, आणि मिथुन रास डोक्यावर यायला रात्रीचे दोन वाजतात. तो नीट बघायचा तर दिव्यांच्या उजेडापासून दूर, उघड्या माळावर, कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत जागायला लागतं. त्यातून आकाश निरभ्र हवं. ढग नसले की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, म्हणून तारे जितके स्वच्छ तितका गारठा जास्त. ताईला आणि मला हा नाद बरीच वर्षं आहे. पहाटे तीनला डोळे मिटत असताना गाडी चालवत परतायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. तिथेच गाडीत झोपायचं. ऊब कशी धरायची, याची घडी मात्र हळूहळू बसत गेली.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण प्रश्न जिवाचा आहे. इंजिन चालू ठेवून, हीटर लावून झोपायचं नाही. गाडीत शेगडी, स्टोव्ह, कोळसा, गॅसचा हीटर, काहीही पेटवायचं नाही. जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने घशात खवखवतही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. त्यामुळे हवेत थोडाच असला तरी तो तासागणिक रक्तात साठत जातो. जागा माणूस निदान डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय म्हणून बाहेर पडेल. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही.

निखाऱ्यांबद्दल तर मी भेटेल त्याला सांगतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं अनेकजण मनापासून मानतात. लालबुंद फुललेला, जराही धूर नसलेला कोळसा हा वायू भरपूर सोडतो. काच थोडी उघडी ठेवली म्हणून शेगडी निर्धोक होत नाही.

इंजिनाचंही तसंच. नव्या गाड्यांतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायू बराच कमी करतं, पण ते पुरेसं तापल्यावरच. सायलेन्सरला गंजून भोक पडलं असेल, मागच्या दाराचं रबर सैल असेल, सायलेन्सरचं तोंड बर्फाने किंवा चिखलाने बुजलं असेल, तर धूर गाडीखाली साचतो आणि आत शिरतो. बर्फात अडकल्यावर इंजिन लावणं भागच पडलं, तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उकरून काढायचा, वारा ज्या बाजूने येत नाही तिकडची काच थोडी उघडायची आणि तासाला दहा मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालवायचं नाही. तेही जागं राहून.

आपलं इंजिन बंद असलं तरी शेजारच्याचं असेलच असं नाही. उल्कावर्षावाच्या रात्री एकाच माळावर बऱ्याच गाड्या येतात आणि पहाटे कुणी ना कुणी हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसतं. म्हणून आम्ही गाडी इतरांपासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला लावतो. शिवाय बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डोक्यापाशी असतोच. घेताना ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक बघितलं, ते कॅराव्हॅनसारख्या मुक्कामाच्या वाहनांसाठी आणि बोटींसाठी आहे. हा अलार्म वायूचं प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजतो. ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग) तो तास-दीड तासाने वाजतो, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. त्यामुळे तो लगेच वाजला नाही म्हणजे बिघडला असं समजू नये. त्याच्या सेन्सरला मुदत असते, ती पाठीमागे छापलेली असते. पूर्वी कोळशाच्या खाणींत हेच काम पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी करायचे. त्यांना वायूची बाधा माणसाच्या आधी होते म्हणून जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तो उपाय सुचवला होता, आणि ब्रिटनच्या खाणींत तो १९८६ पर्यंत चालला.

अलार्म वाजला तर काय करायचं हे आमचं आधीच बोलून झालेलं आहे. वायू कुठून येतोय ते शोधत बसायचं नाही. दोघांनी लगेच बाहेर, मोकळ्या हवेत. डोकं दुखत असेल तर थेट दवाखाना. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा छान ९८ दिसतो. डॉक्टरांना संशय सांगून रक्ताची तपासणी करून घ्यायची.

आता ऊब. माणूस झोपेत साधारण ७०-८० वॅट उष्णता देतो. गाडीचा पत्रा आणि एकेरी काचा बघता तेवढ्याने गाडी तापणार नाही, पण अंगाभोवती ती राखली तर माणूस मजेत झोपतो. आमची सगळी खटपट तिथेच असते, आणि तिची सुरुवात खालून होते. पाठीखाली दबलेल्या ब्लँकेटमध्ये हवा उरत नाही आणि ऊब धरते ती हवाच. साधी हवेची गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा आतल्या आत फिरत अंगाची उष्णता खालच्या गार पत्र्याकडे नेते. चटईवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, ती जितकी जास्त तितका गारवा कमी पोचतो. एकीवर एक चटई घातली की दोन्ही आकड्यांची बेरीज होते. आम्ही सीट पाडून मधल्या खाचा कपड्यांनी भरतो, त्यावर साधारण २ आर-व्हॅल्यूची फोमची चटई आणि वर अस्तर भरलेली, चारच्या पुढची. एवढ्याने जो फरक पडला, तो वरून कितीही पांघरूणं घेऊन पडला नव्हता.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं असतात आणि दुकानात मोठ्या अक्षरांत असतो तो आकडा आपल्या सोयीचा असतोच असं नाही. 'कम्फर्ट' म्हणजे प्रमाण धरलेली स्त्री सैलपणे झोपू शकते ते तापमान. 'लिमिट' म्हणजे प्रमाण धरलेला पुरुष अंग मुडपून कशीबशी झोप काढतो ते. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव कसाबसा तगेल, हिमदंश होऊ शकतो, एवढंच. मी कुणाच्याही बाबतीत फक्त 'कम्फर्ट' बघतो. ताईला माझ्याआधी थंडी वाजते, म्हणून जास्त उबदार बॅग तिला.

दवात भिजलेले पायमोजे घालून झोपायचं नाही, हे तिचं ठाम म्हणणं. झोपण्यासाठी राखलेला कोरडा जोड आणि कानटोपी वेगळ्या पिशवीत असते. दारू अजिबात नाही. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जात असते.

गरम पाण्याची पिशवी मात्र आमची लाडकी. पाणी घरून थर्मासमध्ये नेतो, त्यामुळे तिथे काही पेटवावं लागत नाही. एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येताना साधारण ३० वॅट-तास देतं, म्हणजे आपलं शरीर वीस-पंचवीस मिनिटांत देतं तेवढंच. पण गार बॅगेत शिरताना तेवढी मदत फार मोलाची वाटते. पिशवी दोन तृतीयांश भरायची, हवा काढायची, बूच लावून पिशवी उलटी धरून गळत नाही ना ते बघायचं आणि जाड कापडात गुंडाळूनच आत घ्यायची. झोपेत तासन्‌तास उघड्या कातडीला टेकली तर फार गरम न वाटणाऱ्या पिशवीनेही भाजतं. बारा व्होल्टचं विजेचं ब्लँकेट आम्ही घेतलं नाही. ते रात्रभर चालवायचं तर गाडीच्या बॅटरीवर विसंबता येत नाही. थंडीत तिची ताकद आधीच घटलेली असते आणि सकाळी तिनेच गाडी सुरू व्हायची असते.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो आपलाच श्वास. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर काचांवर बसते, गोठते, सकाळी वितळून अंथरुणात टपकते. ओली बॅग ऊब धरत नाही, पिसांची तर मुळीच नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या. काच उघडली तर गारठू, ही भीती ताईला बराच काळ होती. पण कोरडी गार हवा ओल्या कोंदट हवेपेक्षा सोसवते, हे तिलाही आता पटलंय. तोंड बॅगेबाहेर ठेवायचं. नाक गार पडलं तर मफलर बांधायचा, पण बॅगेच्या आत श्वास सोडायचा नाही. बाकीच्या काचांना मापात कापलेले फोमचे तुकडे लावतो. पुढची काच आणि चालकाची जागा मोकळी, किल्ली हाताशी. रात्री निघावं लागलं तर सामान उपसत बसायला नको.

एवढी तयारी असली तरी निघण्याआधी रात्रीच्या किमान तापमानाचा अंदाज बघतो. तो दोघांपैकी कुणाच्याही बॅगेच्या 'कम्फर्ट'खाली गेला, तर गाडीत झोपायचं रद्द. जवळ कुठे खोली मिळाली तर बघायला जातो, नाहीतर उल्का पुढच्या डिसेंबरात.