स्टाइनिट्झ बचाव (३…डी६): जी६ची वाट उं-जी५ ने बंद, आता घो-डी७

बुद्धिबळातल्या रुय लोपेझ सुरुवातीत काळ्याने ३…डी६ खेळायचा हा बचाव. (उं म्हणजे उंट, घो घोडा, ह हत्ती, व वजीर, रा राजा; हए म्हणजे ए-पट्टीवरचा हत्ती; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह; ०-० छोट्या बाजूचं कॅसलिंग, ०-०-० मोठ्या बाजूचं; ! चांगली चाल, ?? घोडचूक.) मागच्या नोंदीत ७. ह-ई१ चा हिशोब पूर्ण झाला होता. आता अडलंय ते एका चालीच्या आधी, ६. उं×सी६ वर. त्यावर काळ्याचा ८…जी६ हा जो उपाय हाती आला असं वाटत होतं, तो ९. उं-जी५ समोर उभा राहत नाही. ही नोंद जवळजवळ सगळी त्यावरच आहे.

मूळ स्थान पुन्हा मांडून घ्या: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-बी५ डी६ ४. डी४ उं-डी७ ५. घो-सी३ घो-एफ६. इथून पांढऱ्याला दोन खऱ्या वाटा आहेत. ६. ०-० आणि मग ह-ई१ ही एक, आणि लगेच ६. उं×सी६ ही दुसरी.

पहिली वाट थोडक्यात, कारण नवीन मंडळी तीच विचारतात. ६. ०-० उं-ई७ ७. ह-ई१ नंतर ७…०-० चालतच नाही. टॅराश विरुद्ध मार्को, ड्रेस्डेन १८९२: ८. उं×सी६ उं×सी६ ९. डी×ई५ डी×ई५ १०. व×डी८ हए×डी८ ११. घो×ई५ उं×ई४ १२. घो×ई४ घो×ई४ १३. घो-डी३. इथे १३. ह×ई४ मारायचा मोह होतो, पण १३…ह-डी१+ आणि मात आहे, म्हणून घोडा मागे. मग १३…एफ५ १४. एफ३ उं-सी५+ १५. घो×सी५ घो×सी५ १६. उं-जी५ ह-डी५ १७. उं-ई७ ह-ई८ १८. सी४ आणि काळ्याने डाव सोडला. टॅराशने हे विश्लेषण आधीच छापून ठेवलं होतं, तरी मार्को त्यात गेला. म्हणून ७…ई×डी४ सक्तीचं आहे, आणि केंद्र सोडल्याबरोबर मोहरी बदलून घ्यायची. लास्करने १९०८ च्या विश्वविजेतेपदाच्या चौथ्या डावात टॅराशविरुद्ध हेच केलं: ८. घो×डी४ घो×डी४ ९. व×डी४ उं×बी५ १०. घो×बी५ ०-०. पुढे त्याचा हत्ती ई५ वरून सी५ वर गेला तो भाग पटावर मोहरी मांडूनच बघा, स्क्रीनवर नको. १५…ह-ई५ १६. घो-डी४ ह-सी५ या दोन चालींत उघड्या पटाच्या मधोमध हत्ती नेऊन ठेवण्याचं धाडस आहे, आणि ते धाडस बरोबर ठरतं कारण पांढऱ्याकडे त्याला हुसकावणारा उंट उरलेला नाही.

म्हणजे या बचावाचा गाभा हा: जागा कमी आहे, तर मोहरी कमी करा. दोन जोड्या बदलल्या की जागेची टंचाई जाणवत नाही.

६. उं×सी६ नेमका या गाभ्यावर घाव घालतो. पांढरा एकच जोडी बदलतो आणि ती स्वतःच्या अटीवर बदलतो. ६…उं×सी६ नंतर काळ्याला दोन उंट मिळतात खरे, पण सी६ चा घोडा गेल्यामुळे डी४ वर मारामारी करायला काही उरत नाही. मग ७. व-डी३. हा वजीर ई४ राखतो, हत्तीसाठी डी१ मोकळं करतो, आणि मुख्य म्हणजे वजिरी बाजूच्या कॅसलिंगला वाट करून देतो. ह-ई१ वाल्या लाइनमध्ये पांढरा राजा जी१ वर बसून शांतपणे दाबतो. इथे तो सी१ वर जातो आणि एच-प्यादं धावत सुटतं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला (जॉर्जिया) महिला विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात वर्गावर्गांतून येणारी पोरं हल्ला करायला आसुसलेली आहेत. रुय लोपेझची थिअरी त्यांना ठाऊक असेलच असं नाही, पण ०-०-० आणि एच४ त्यांच्या हातातूनच येतं. तेव्हा हीच लाइन समोर येणार असं धरून चाला.

७…ई×डी४ ८. घो×डी४ वर जी६ ही कल्पना कापाब्लांकाची. निम्झोविच विरुद्ध कापाब्लांका, सेंट पीटर्सबर्ग १९१४. डाव फोर नाइट्स या दुसऱ्या सुरुवातीतून आला, पण सहाव्या चालीला स्थान हेच. तिथे ९. घो×सी६ बी×सी६ १०. व-ए६ व-डी७ ११. व-बी७ ह-सी८ १२. व×ए७ उं-जी७ असं झालं. पांढऱ्याने एक प्यादं खाल्लं आणि वजीर परत आणण्यात वेळ घालवला: १३. ०-० ०-० १४. व-ए६ हएफ-ई८ १५. व-डी३. तोवर काळ्याचा जी७ चा उंट लांब कर्णावर आणि दोन्ही हत्ती ए आणि बी पट्ट्यांवर यायला मोकळे झाले. घोडा डी७-ई५-सी४ असा गेला, उंटावर बदलला गेला, आणि मग बी२ वर सगळा भार पडला. प्यादं देऊन मिळालेला दबाव म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला डाव मिळणं कठीण.

यावरून ८…जी६ पुरेसं आहे असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. पण पांढरा प्यादं खायला गेलाच नाही तर? ९. उं-जी५! उं-जी७ १०. ०-०-०.

आता हे स्थान नीट बघा. काळा राजा अजून ई८ वर, एफ६ चा घोडा वजिरावर पिन (हलला तर मागचा वजीर जातो), डी६ चं प्यादं डी-पट्टीवर वजीर-हत्तीच्या माऱ्यात. १०…०-० ही हाताला सहज येणारी चाल. त्यावर ११. ई५! डी×ई५ १२. घो×सी६ आणि आता १२…व×डी३?? हरतं. सगळ्यांचा डोळा १३. ह×डी३ बी×सी६ वर जातो आणि एक प्यादं वर आहोत असं वाटतं. पण पांढरा वजीर लगेच परत मारतच नाही. आधी १३. घो-ई७+ येतं, १३…रा-एच८ आणि मग १४. ह×डी३. सी६ चा उंट खाऊन घोडा शह देत सुटला, एक मोहरं साफ गेलं. म्हणून १२…बी×सी६ सक्तीचं: १३. व×डी८ हएफ×डी८ १४. ह×डी८+ ह×डी८ १५. उं×एफ६ उं×एफ६ १६. घो-ई४. काळ्याकडे प्यादं जास्त, पण सी-पट्टीवर दोन दुबळी प्यादी आणि पांढऱ्याचा घोडा ई४ वरून सी५ कडे. वाचण्यासारखं स्थान आहे. पण पांढऱ्याला तिथे जायची सक्ती नाही. तो ११. एच४ खेळून पिन तशीच ठेवू शकतो, आणि जी६ चं प्यादं पुढे आलेलं असल्यामुळे एच५ ला धरायला जागा आयतीच मिळते. कॅसल केलेल्या राजासमोर काळ्याचा प्रतिहल्ला कुठून येतो, याचं उत्तर सापडत नाही.

मग १०…व-डी७. हा बराच वेळ चांगला वाटतो. एफ६ वरची पिन सुटते, आणि राजा ई८ वरच असल्यामुळे वरची घो-ई७+ ची मेख निघून जाते: ११. ई५ डी×ई५ १२. घो×सी६ व×डी३ १३. ह×डी३ बी×सी६ १४. उं×एफ६ उं×एफ६ १५. घो-ई४ उं-ई७ आणि डी७ चं घर राजाने राखलंय, हत्ती आत शिरत नाही. १६. हएच-डी१ एफ५ वर १७. घो-जी५ तर खेळूच नका, १७…उं×जी५+ शह देत घोडा नेतो. इथे काळा मजेत आहे.

पण चालींचा क्रम बदला: ११. घो×सी६ बी×सी६ १२. उं×एफ६ उं×एफ६ १३. ई५! आता डी६ चं प्यादं डी७ च्या वजिरावर पिन आहे. १३…डी×ई५?? १४. व×डी७+ आणि वजीर गेला. मागे डी१ चा हत्ती असल्यामुळे राजा परत मारू शकत नाही. १३…उं×ई५ १४. हएच-ई१ वर डी६ ची तीच पिन उंटाला वाचवू देत नाही, म्हणून १४…०-०-० करावंच लागतं. तेवढ्याने उंट वाचतो (१५. ह×ई५ डी×ई५ १६. व×डी७+ ह×डी७ १७. ह×डी७ रा×डी७ नंतर काळ्याकडे घोड्यासमोर हत्ती उरतो), पण १५. व-ए६+ रा-बी८ १६. ह-डी३ आणि उघडी बी-पट्टी समोर. इतक्या जवळच्या धोक्यात राजा ठेवून डाव खेळायचा नसतो. उरलं १३…उं-ई७. त्यावर १४. घो-ई४! आणि १४…०-० १५. ई×डी६ सी×डी६ १६. घो×डी६ उं×डी६ १७. व×डी६ व×डी६ १८. ह×डी६ एक प्यादं निवांत वर. १४…डी५ खेळलं तर १५. घो-एफ६+ उं×एफ६ १६. ई×एफ६ आणि ते प्यादं एफ६ वर रुतून बसतं. छोट्या बाजूला कॅसल केलं की व-डी२-एच६, मोठ्या बाजूला गेलं की पुन्हा व-ए६+. १६…व-ई६ ने ते प्यादं खायला जाऊ नका, १७. हएच-ई१ वर वजीरच अडकतो.

११…व×सी६ ने परत मारलं तरी १२. घो-डी५ घो×डी५ १३. ई×डी५ ने वजीर हलवावा लागतो, आणि मग हएच-ई१+ वर राजा एफ८ ला. सुटका नाही.

इंजिनबद्दल एक गोष्ट. मोबाइलवरचं स्टॉकफिश एकाच लाइनवर लावून ठेवलं तर १०…व-डी७ बराच काळ ठीक दाखवतं, कारण ते ११. ई५ ची गणना करत बसतं. तीन पर्याय एकदम दाखवायला लावा आणि खोली वाढू द्या, तेव्हा ११. घो×सी६ वर सरकतं. दुसरं म्हणजे या लाइनमध्ये डेटाबेसचे टक्केवारीचे रंगीत पट्टे बघून काही ठरवू नका. डाव थोडे आणि बरेचसे शंभर वर्षं जुने. कोण जिंकलं यापेक्षा कोण कुठे चुकलं हे बघायला हवं. आणि तपासणी खऱ्या पटावर करा. साडेपाच सेंटिमीटरची घरं असलेला विनाइलचा गुंडाळी पट आणि साडेनऊ सेंटिमीटर राजाची भारित मोहरी एवढं पुरेसं आहे. चुंबकी छोट्या पटावर डी-पट्टीवरची ही पिन डोळ्याला दिसतच नाही. महागडी शिसमची मोहरी शोभेला ठीक, पण हलकी असली की जलद खेळात उलटतात, त्यापेक्षा वजनदार प्लास्टिक बरं.

मग जी६ सोडून द्यायचं का? ठरलं होतं की पुढची नोंद ८…उं-डी७ ९. उं-जी५ उं-ई७ १०. ०-०-० ०-० वर लिहायची. पण वरचे सगळे प्रकार शेजारी शेजारी मांडले की एकच दुखणं दिसतं: प्रत्येक ठिकाणी एफ६ चा घोडा मार खातो, आणि प्रत्येक ठिकाणी ई५ ला पांढऱ्याचं प्यादं येतं ते काळ्याने ई×डी४ करून ते घर सोडलं म्हणून. ८…उं-डी७ मध्येही एफ४ नंतर तेच होणार. तेव्हा ई५ सोडायचंच कशाला? ७. व-डी३ वर लगेच ७…घो-डी७!

घोडा मागे जातो, एक टेम्पो (एका चालीचा वेळ) जातो, पण उं-जी५ ला पिन करायला काही उरत नाही आणि ई५ दोनदा राखलं जातं. स्टाइनिट्झचं मूळ म्हणणंही हेच होतं: केंद्रातलं प्यादं धरून ठेवा, आकुंचन सोसा. पहिल्या तपासणीत सापडलेलं असं:

८. डी×ई५ डी×ई५ ९. घो×ई५ ला घाबरू नका. ९…घो×ई५ १०. व×डी८+ ह×डी८ आणि पांढरा एक मोहरं खाली.

८. उं-ई३ ई×डी४ ९. घो×डी४ घो-ई५! वजिरावर टेम्पो. १०. घो×सी६?? घो×डी३+ ११. सी×डी३ बी×सी६ आणि वजीर आणि घोड्याच्या बदल्यात फक्त घोडा आणि उंट. एफ६ वर घोडा असताना ही चाल उपलब्धच नव्हती.

८. उं-जी५ उं-ई७ ९. उं×ई७ व×ई७. ही तर मेजवानी आहे. काळ्याचा सगळ्यात अडगळीतला उंट बदलला गेला, वजीर डी-पट्टीवरून निघाला, दोन्ही बाजूंना कॅसल करायची मुभा राहिली. १०. घो-डी५ वर १०…उं×डी५ ११. ई×डी५ ०-०. जागा पांढऱ्याकडे आहेच, पण ती घेऊन करणार काय?

खरी अडचण ८. डी५ घो-सी५ ९. व-सी४ उं-डी७ १०. बी४ घो-ए६. घोडा काठावर गेला. त्याबदल्यात सी६ फोडून डी५ वर मारा करायचा आहे, आणि पांढऱ्याची बी४-सी४ कडची घरं पोकळ झाली आहेत. पण ११. ए३ सी६ नंतर पांढरा लगेच डी×सी६ करतो की डी५ धरून ठेवतो, यावर सगळं अवलंबून आहे. डी×सी६ बी×सी६ झालं तर डी५ ही पुढची चाल हाती येते आणि काळ्याचं केंद्र पांढऱ्यापेक्षा मोठं होतं. डी५ धरलं तर ए६ चा घोडा सी७ वरून परत आणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ०-०, ह-डी१ होऊन डी६ वर नजर येते. १०. ०-० असं शांत खेळलं तर १०…ए५ ने सी५ चा घोडा पक्का होतो, तिथे काळजी नाही.

ज्यांच्याकडे १५ मिनिटं अधिक १० सेकंदांच्या रॅपिडमध्ये ३…डी६ खेळायची तयारी आहे, त्यांनी ८. डी५ चे डाव पाठवा, हरलेले आधी. १०. बी४ घो-ए६ हे स्थान पांढऱ्याकडून आणि काळ्याकडून आलटून पालटून खेळून बघायचं आहे, ११. ए३ आणि ११. उं-ई३ दोन्हींसह.