आजोबांचं घड्याळ लंगडत होतं त्याची गोष्ट

आमच्या वाईच्या घरात माजघरात अन्सोनिया या अमेरिकन कंपनीचं लंबकाचं घड्याळ आहे, आठ दिवसांच्या चावीचं. कंपनीची मशिनरी 1929 साली रशियाला विकली गेली म्हणजे घड्याळ त्याआधीचंच असणार. दोन वर्षं बंद होतं. लंबक हलवला की पाच-दहा मिनिटं चालायचं की परत गप्प. काका म्हणाले स्प्रिंग गेली, पण चावी तर नीट बसत होती, आणि गावातले घड्याळजी आता फक्त सेल बदलून देतात म्हणून म्हटलं आपणच बघू.

आवाज ऐकला तर टिक, टॉक असा सारखा नाही, टिकटॉक... टिकटॉक... असा लंगडा. लंबकाला ढकलणारी तार असते ती किंचित वाकवली, लंगडणं गेलं पण थांबणं काही जाईना. शेवटी डायल काढून भिंग लावलं. अँकर म्हणजे लंबकाबरोबर डुलणारा पोलादी आकडा, तो एस्केप व्हील नावाच्या दातेरी चाकाला एकेक दात सोडत पुढे जाऊ देतो. त्याच्या दोन्ही टोकांवर, चाकाचे दात जिथे आपटतात तिथे, खाच पडलेली, नखाला लागत होती. आमच्याकडे ज्याला वाटेल तो शिलाई मशीनचं तेल सोडायचा. त्या तेलात धूळ बसते, ती दातांच्या मऊ पितळेत रुतते आणि झिजतं मात्र समोरचं पोलाद, गंमतच आहे.

अँकर प्लेटच्या बाहेर एका पिनवर असतो, अख्खं मशीन न खोलता निघतो. हे बघून मी इतका खूश झालो की घड्याळाला चावी दिलेली आहे हेच विसरलो. अँकर उचलला आणि सर्रर्रर्र!! चाक भिंगरीसारखं सुटलं, स्प्रिंग उतरेपर्यंत थांबेना, आई हातात लाटणं घेऊन पळत आली. बोट घातलं नाही हे नशीब. एका दाताचं टोक वाकलं, ते चिमट्याने सरळ करायलाच अर्धा तास गेला. तेव्हा चावी आधी पूर्ण उतरवा, मग काय ते खोला.

खाच कानशीने काढायला जाऊ नका. एक तर त्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, कानस नुसती घसरते, आणि समजा घासलं गेलंच तर दाताचं आणि अँकरचं अंतर बदलतं, मग दात अडकत नाहीत आणि घड्याळ पळत सुटतं. मी पिनवर एक पातळ पितळी वॉशर टाकला, अँकर जेमतेम अर्धा मिलीमीटर पुढे आला आणि दात कोऱ्या जागेवर पडायला लागले. बास, एवढंच. पण अँकर सरकला तशी तारही सरकली आणि लंबकाच्या दांडीला घासायला लागली, तिला परत वाकवा, परत कान लावून बसा. तेल घड्याळाचंच, पॅलेटवर, म्हणजे अँकरच्या त्या दोन टोकांवर, सुईच्या टोकाने एक-एक टिपूस.

पहिल्या दिवशी चार मिनिटं मागे पडलं, लंबकाखालचा नट फिरवून गोळा वर घेतला. आता महिना झाला, चालू आहे. टोले तेवढे चुकतात, तीन वाजता आठ देतं. ते दुरुस्त करायला काढणार होतो तर आई म्हणाली हात लावू नकोस.