निळी रेघ

काँक्रीटवर ४० मीटरची निळी रेघ मारून मी मोकळा झालो होतो. स्प्रेचा डबा कानाशी हलवून रंग किती उरलाय ते बघत होतो, तेवढ्यात खोदाईच्या मशीनचा ऑपरेटर केबिनमधून उतरून जवळ आला.

"साहेब, पाइप त्या हायड्रंटपासूनच निघतो ना?"

"हो."

"मग तुमची रेघ तिकडे कुठे चाललीय?"

मी मान वळवून पाहिलं. सरळ येणारी माझी रेघ शेवटच्या काही मीटरांत हलकेच भिंतीकडे झुकली होती. हायड्रंट राहिला एका बाजूला, रेघेचं तोंड विजेच्या पॅनेल रूमकडे. ती रेघ मीच मारली होती, दर मीटरला पाइप शोधणारा रिसीव्हर टेकवून. पण पाऊल टाकताना नजर स्क्रीनवर असते. रेघ कुठून निघून कुठे पोचतेय, हे उभं राहून मी एकदाही पाहिलं नव्हतं.

काम तसं रोजचंच. एका जुन्या कारखान्याच्या आवारात सांडपाण्याची नवी लाइन टाकायची होती. तिच्यासाठी दोन-अडीच मीटर खोल चर घ्यायचा होता. त्याच पट्ट्यात आग विझवण्याच्या पाण्याचा जुना बिडाचा पाइप होता, पंप हाऊसपासून हायड्रंटपर्यंत, म्हणजे आगीच्या वेळी होज जोडायच्या नळापर्यंत. तो नेमका कुठून जातो ते जमिनीवर आखून देणं एवढंच आमचं काम. आम्ही म्हणजे मी आणि काका. काका आमच्या टीममधले सगळ्यांत जुने, आकडे दाखवणारी यंत्रं येण्याआधी कानाला हेडफोन लावून पाइप शोधणारे.

नकाशा होता. फोटोकॉपीची फोटोकॉपी, पण होता. त्यात पाइप भिंतीपासून ३ मीटरवर, १.२ मीटर खोल, आणि हायड्रंटजवळ एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, घेऊन वळलेला. त्यावर विसंबून नव्या चराची मध्यरेषा भिंतीपासून ५ मीटरवर धरली होती, म्हणजे पाइपपासून २ मीटर लांब. साइट इंजिनिअरच्या मते सगळं ठरलेलंच होतं, आम्ही फक्त शिक्का मारायला आलो होतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

हे यंत्र ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिसीव्हरला पाइप दिसत नाही. ट्रान्समीटर पाइपमध्ये ठराविक फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडतो. लाल वायर पाइपला, काळी वायर जमिनीत ठोकलेल्या पिनला. प्रवाह पाइपमधून जातो, मातीत झिरपतो आणि पिनमार्गे परत येतो. प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि रिसीव्हरच्या आतल्या कॉइल ते पकडतात. म्हणजे आपण शोधतो तो प्रवाह. तो पाइपमधूनच वाहतोय हे गृहीत धरलेलं असतं, आणि सगळा घोळ त्या गृहीतकात असतो.

सुरुवात मी नेटकीच केली होती. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून पॉवर मोडवर सगळा पट्टा उभा-आडवा फिरलो. या मोडमध्ये रिसीव्हर विजेच्या केबलची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ऐकतो. काही नाही, शांत. मग हायड्रंटच्या फ्लँजवरचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून लाल क्लिप लावली. पिन ठोकायला मात्र जागा मिळेना, सगळीकडे काँक्रीट. पॅनेल रूमच्या भिंतीला लागून मातीची एक चिंचोळी पट्टी होती, तिथे पिन ठोकली. नियम सांगतो की पिन लाइनच्या काटकोनात, जमेल तितकी लांब आणि दुसऱ्या कुठल्याही लोखंडापासून दूर हवी. यातलं 'लांब' मी पाळलं.

३३ किलोहर्ट्झवर सिग्नल असा कडक आला की विचारू नका. भिंतीपासून जवळजवळ ३ मीटरवर, नकाशात होता तिथेच. खोली मात्र ०.७ मीटर दाखवत होती. नकाशातल्या १.२ चं काय? मी मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं: मध्ये कधीतरी जमीन खरवडून सपाट केली असेल. रिसीव्हर जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर उचलून पाहिला, खोलीचा आकडा बरोबर ३० ने वाढला. ही पडताळणी आम्ही नेहमी करतो, आणि ती जुळली की जीव भांड्यात पडतो. माझाही पडला.

एक गोष्ट तेवढी जुळत नव्हती. रिसीव्हर दोन तऱ्हांनी लाइन दाखवतो. पीक मोडमध्ये लाइनच्या डोक्यावर सिग्नल सर्वांत मोठा होतो, नल मोडमध्ये तिथेच तो शून्याजवळ जातो. क्षेत्र निर्मळ असेल तर दोन्ही खुणा एकाच जागी पडतात. माझ्या पडत नव्हत्या. नल सगळीकडे १५-१६ सेंटिमीटर भिंतीच्या बाजूला सरकलेला, हायड्रंटपासून पंप हाऊसपर्यंत एकाच दिशेला. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण वीतभर फरकाचं काय एवढं, असं म्हणून मी पीकवर रंग मारत पुढे गेलो. हायड्रंटजवळच्या चार-पाच मीटरांत तर पीक कुठे चाललाय याचा विचारच केला नाही, कारण नकाशात तिथे टी होता आणि टीजवळ सिग्नल बिघडतोच. बिघाडाला कारण आधीच हाताशी असलं की माणूस दुसरं कारण शोधत नाही.

ऑपरेटरच्या प्रश्नानंतर मी काकांना हाक मारली. त्यांनी रेघेकडे पाहिलं, हायड्रंटकडे पाहिलं आणि सरळ पिनपाशी गेले. पिनपासून हातभर अंतरावर पालापाचोळ्याखाली एक चौकोनी झाकण होतं. त्यांनी बुटाने पाला बाजूला केला. पॅनेल रूमचा अर्थिंगचा खड्डा.

"रिसीव्हर आण. मधे कुठेही उभा राहा आणि भिंतीकडे पाठ करून चालत जा," काका म्हणाले.

मी निळ्या रेघेवर उभा राहून आवाराच्या मध्याकडे चालू लागलो. सिग्नल पडत गेला, अगदी तळाला गेला आणि पुन्हा चढायला लागला. भिंतीपासून ५ मीटरच्या आसपास दुसरा पीक! निळ्या रेघेवरच्या सिग्नलच्या जेमतेम निम्मा. नल मात्र तिथून चांगला पाऊण मीटर पलीकडे, मशीनच्या बाजूला ढकललेला. स्क्रीनवर प्रवाहाचा आकडाही दिसतो. सिग्नलचा आकडा खोलीनुसार बदलतो. प्रवाहाच्या आकड्यात रिसीव्हर खोलीचा हिशेब आधीच करून देतो. दोन्ही जागी प्रवाह जवळपास सारखा होता.

म्हणजे लाइन एक नव्हती, दोन होत्या. सारखाच प्रवाह, एकीत जाणारा आणि दुसरीतून परतणारा. पाइपमधून प्रवाह पंप हाऊसपर्यंत गेला. तिथे पाइप अर्थिंगला जोडलेला होता. त्याच अर्थिंगला पंपाच्या केबलचं आर्मर, म्हणजे तिच्यावरचं पोलादी कवच, जोडलेलं. प्रवाहाला मातीतून वाट काढत बसण्यापेक्षा आर्मरचा रस्ता सोपा, म्हणून तो आर्मरमधून पॅनेल रूमपर्यंत परत आला, अर्थिंगच्या खड्ड्यात उतरला आणि हातभरावरच्या माझ्या पिनमध्ये शिरला. त्याला घरी परत यायचा हमरस्ता मीच बांधून दिला होता. केबल वरवर, म्हणून तिचा सिग्नल दणदणीत. पाइप खोल, म्हणून तो दबलेला. आणि एकमेकांच्या उलट वाहणाऱ्या दोन प्रवाहांची क्षेत्रं एकमेकांच्या नलला बाहेर ढकलत होती.

रिसीव्हर एका अक्षरानेही खोटं बोलला नव्हता. ०.७ मीटर खोली खरीच होती, केबलची.

पॉवर मोडवर ती केबल का दिसली नाही, हे इलेक्ट्रिशियनला विचारल्यावर कळलं. आगीचा पंप एरवी बंदच असतो. केबलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) असतो पण प्रवाह नसतो, आणि प्रवाह नाही तर क्षेत्रही नाही. पॉवर मोडवरची शांतता म्हणजे खाली केबल नाही असा अर्थ नाही, हे मी इतरांना कितीतरी वेळा सांगितलं होतं.

त्यानंतर मी दोन मिनिटं स्प्रेच्या डब्यावरच बसलो. निळा रंग म्हणजे पाणी. निळ्या रेघेजवळ हाताने खोदणारा माणूस पहार घेऊनच उतरतो. बिडाच्या पाइपवर पहार ठणकन वाजली की त्याला उलट बरं वाटतं, सापडला म्हणून. इथे त्या रेघेखाली जिवंत केबल होती. आणि जिथे रंग नव्हता, म्हणून मशीनने बिनधास्त खोदायचं होतं, तिथे नेमका पाइप. चराची मध्यरेषा त्याच्या डोक्यावरूनच जात होती.

या धंद्यातली एक जुनी गोष्ट मला राहून राहून आठवते. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी कुठे अडकलीय ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारं आपलं विद्युत यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. एक म्हणजे गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला. दुसरं म्हणजे मुख्य डॉक्टरांना खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे, त्यामुळे शोध उजव्या बाजूलाच झाला. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. मी तरी वेगळं काय केलं होतं? नकाशाने ३ मीटर सांगितले, मी ३ मीटरच्या आजूबाजूला झाडून घेतलं, आणि पहिला मोठा आवाज आला तिथे थांबलो.

पुढचं काम काकांनी हातात घेतलं. पिन पॅनेल रूमपासून दूर, आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठोकून पाहिली, पाणी ओतून माती भिजवली, फ्रिक्वेन्सी ५१२ हर्ट्झवर आणली. फरक पडला, पण पंप हाऊसमधली अर्थिंगची जोडणी तशीच असल्याने आर्मरमध्ये थोडा प्रवाह शिरतच राहिला. शेवटी काकांनी पिनच काढून टाकली. "परतायचा रस्ता आपणच देऊ," म्हणाले. लाल क्लिप हायड्रंटला, आणि काळ्या वायरला लांब वायरचं रीळ जोडून दुसरं टोक थेट पंप हाऊसमधल्या व्हॉल्व्हला. ती वायर पाइपजवळून न नेता आवाराला वळसा घालून, पुष्कळ लांबून नेली, नाहीतर तिचंच क्षेत्र मध्ये लुडबुडलं असतं. आता प्रवाहाला पाइपच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकातून बाहेर पडायचं होतं, मातीशी देणंघेणंच नाही.

यावेळी मी हायड्रंटपासून सुरुवात केली. त्याच्याभोवती ३ मीटरच्या अंतराने गोल फिरलो. आमची स्वतःची वायर ओलांडली ती जागा सोडली तर पूर्ण वर्तुळात एकच पीक, पंप हाऊसच्या दिशेला. टी वगैरे काही नव्हताच. पाइप हायड्रंटपासून नाकासमोर गेला होता. पीक आणि नल बोटभरही सरकेनात. प्रवाहाचा आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास तोच. निळ्या रेघेवर रिसीव्हर धरला तर तिथे पीकच नाही.

खोली १.३ मीटर येत होती. फक्त एका जागी, पंप हाऊसच्या अलीकडे, ती ०.९ झाली आणि काही मीटरांनी पुन्हा खाली गेली. अशा जागी आकड्यावर विसंबू नये, पाइप चढत-उतरत असताना रिसीव्हरचं खोलीचं गणित बिघडतं. म्हणून तिथे आणि आणखी दोन ठिकाणी हाताने चाचणीचे खड्डे घेतले. त्या जागी जुन्या पायाचा काँक्रीटचा ठोकळा निघाला, आणि पाइप त्याच्यावरून उडी मारून गेला होता. पाइपचा माथा ८० सेंटिमीटरवर. रिसीव्हर मध्यापर्यंतची खोली सांगतो, त्यामुळे एवढा फरक मी चांगलाच म्हणेन.

केबलचं काम इलेक्ट्रिशियनशिवाय करायचं नाही, हे काकांचं जुनं व्रत. त्याने पॅनेल रूममध्ये ग्लँडच्या, म्हणजे पॅनेलमध्ये केबल शिरते तिथल्या जोडाच्या, खाली केबलभोवती क्लॅम्प बसवून दिला, आम्ही तिच्यात सिग्नल सोडला आणि वर चालत निघालो. पीक माझ्या निळ्या रेघेवरून तंतोतंत धावत गेला. इतकी अचूक रेघ मी आयुष्यात फार थोड्या वेळा मारली असेन.

रंगाचं काय करायचं हा प्रश्न उरला. खरबरीत काँक्रीटवरचा स्प्रे घासून निघत नाही. निळ्यावर लाल मारला तर भलताच जांभळट रंग येतो आणि तो तिसऱ्याच कशाचा तरी समजला जाईल. मग निळी रेघ आधी काळ्याने झाकली, ती वाळू दिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा करून दर ५ मीटरला 'जिवंत केबल' असं लिहिलं. साइट इंजिनिअरने केबलचा नकाशा कुणाकडे आहे का म्हणून फोनाफोनी केली, कुणाकडेच नव्हता. चराची मध्यरेषा सरकवायचं ठरलं, त्यात उरलेला दिवस गेला. माझी चूक मी त्यांच्यासमोर सांगितली. ते काही बोलले नाहीत, फक्त नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर मशीन घेऊन आला. सुरू करण्याआधी खाली उतरला, नव्या निळ्या रेघेवरून हायड्रंटपासून पंप हाऊसपर्यंत स्वतः चालत गेला, परत आला, आणि मगच केबिनमध्ये चढला.