आधी सीट, मग माइल्स : अवॉर्ड तिकीट काढताना

विमान कंपनीच्या खात्यात जमणारे गुण म्हणजे माइल्स, आणि पैशांऐवजी ते देऊन काढलेलं तिकीट म्हणजे अवॉर्ड तिकीट. खात्यात ६०,००० माइल्स आहेत म्हणून ६०,००० माइल्सचं तिकीट मिळेलच असं नाही. आणि विमानात बारा सीट रिकाम्या दिसतात म्हणून त्यातली एक माइल्सवर मिळेल, असंही नाही. अवॉर्ड तिकिटांवरची बहुतेक चिडचिड या दोन गैरसमजांतून येते.

विमान कंपनी एकाच केबिनमधल्या सीट वेगवेगळ्या अक्षरांखाली विकते. पैसे मोजून घेतलेल्या इकॉनॉमी तिकिटाचेच वाय, बी, एम असे कितीतरी वर्ग असतात. माइल्सच्या सीटना वेगळी अक्षरं. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात पार्टनर, म्हणजे गटातल्या इतर, कंपन्यांना दिलेल्या सीट इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय आणि फर्स्टला ओ या वर्गात येतात. आय खाली शून्य असेल तर अर्धी बिझनेस केबिन मोकळी असली तरी पार्टनरच्या माइल्सवर तिथे बसता येत नाही. हे अक्षर कधी उघडायचं ते कंपनीचा महसूल विभाग ठरवतो आणि त्याचा हिशोब साधा आहे: ही सीट पैशाला जाणार नाही असं वाटलं की ती माइल्सवाल्यांना.

म्हणूनच सीट दोन वेळी जास्त दिसतात. एक, कॅलेंडर उघडतं, म्हणजे त्या तारखेचं बुकिंग सुरू होतं, तेव्हा. दुसरी, उड्डाणाला दोन आठवडे किंवा त्याहून कमी उरतात तेव्हा. मधले सहा-आठ महिने बऱ्याचदा कोरडे जातात. कॅलेंडर किती आधी उघडतं ते कंपनीगणिक वेगळं: अमेरिकन एअरलाइन्स ३३१ दिवस, युनायटेड ३३७, ब्रिटिश एअरवेज ३५५, कॅथे पॅसिफिक ३६०. ब्रिटिश एअरवेज आपल्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात बिझनेसच्या किमान ४ सीट माइल्ससाठी ठेवते. अशी लेखी हमी देणाऱ्या कंपन्या मोजक्याच. इथे एक अडचण येते. जाण्याची तारीख उघडते तेव्हा परतीची अजून उघडलेली नसते. म्हणून दोन्ही बाजू एकेरी तिकिटं म्हणून वेगवेगळ्या काढायच्या. आजकाल बहुतेक प्रोग्रॅममध्ये, म्हणजे कंपन्यांच्या माइल्स योजनांत, एकेरीचा दर जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्माच असतो, त्यामुळे नुकसान नाही. उलट एक बाजू रद्द करायची झाली तर दुसरीला धक्का लागत नाही.

सगळ्या सीट पार्टनरला दिल्या जात नाहीत, हेही आधीच माहीत असावं. सिंगापूर एअरलाइन्सच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस आणि फर्स्टच्या सीट प्रामुख्याने त्यांच्या क्रिसफ्लायर या प्रोग्रॅमच्या सदस्यांसाठीच असतात. स्विसचं फर्स्ट पार्टनरच्या माइल्सवर मिळत नाही. लुफ्तान्साचं फर्स्ट पार्टनरला मिळतं, पण सहसा अगदी शेवटच्या दिवसांत. अशा सीटसाठी दहा महिने आधीपासून रोज वेबसाइट उघडून बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

कोणत्या माइल्सने कोणतं विमान

एका विमान कंपनीचे माइल्स दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरता येतात, ही या सगळ्या खेळातली खरी गंमत. त्यासाठीच्या गटांपैकी स्टार अलायन्स १९९७ साली सुरू झाली, वनवर्ल्ड १९९९ मध्ये, स्कायटीम २००० मध्ये. लुफ्तान्साच्या विमानातली तीच सीट युनायटेडचा माइलेजप्लस, एअर कॅनडाचा एरोप्लॅन, आव्हियान्काचा लाइफमाइल्स आणि लुफ्तान्साचा स्वतःचा माइल्स अँड मोअर, या चारही ठिकाणांहून काढता येते. प्रत्येकाचा माइल्सचा आकडा वेगळा आणि वर भरायची रक्कमही वेगळी. ही दुसरी रक्कम लोक शेवटच्या पानावर पोचेपर्यंत पाहत नाहीत आणि मग "फुकट तिकिटाला एवढे पैसे?" म्हणून कपाळाला हात लावतात.

त्या रकमेचे दोन भाग असतात. विमानतळाचे आणि सरकारी कर कोणालाच चुकत नाहीत. दुसरा भाग म्हणजे कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज. तिकिटावर तो वायक्यू किंवा वायआर या नावाने दिसतो. पूर्वी त्याला इंधन अधिभार म्हणत, आता इंधनाशी त्याचा संबंध नावापुरताच. लांबच्या बिझनेस प्रवासात हा सरचार्ज एका बाजूला शेकडो डॉलरवर जाऊ शकतो. युनायटेड आणि लाइफमाइल्स तो अवॉर्ड तिकिटावर लावत नाहीत; एरोप्लॅनने २०२० च्या नोव्हेंबरपासून तो काढून टाकला, मात्र पार्टनरच्या तिकिटाला ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेतात. माइल्स अँड मोअर आणि ब्रिटिश एअरवेज लावतात. म्हणजे एकाच सीटसाठी कुठे माइल्स कमी आणि पैसे जास्त, तर कुठे उलट. कोणतं स्वस्त ते मोजल्याशिवाय कळत नाही.

सरकारी करातही एक ठिकाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ब्रिटन आपल्या भूमीवरून उडणाऱ्या प्रवाशाकडून एअर पॅसेंजर ड्यूटी घेतं. लांबच्या अंतराला जास्त आणि इकॉनॉमीच्या वरच्या केबिनला आणखी जास्त. ती फक्त निघताना लागते, येताना नाही. लंडनला २४ तासांपेक्षा कमी थांबून त्याच तिकिटावर पुढे जात असाल तरी लागत नाही. त्यामुळे लंडनला बिझनेसने जायचं आणि परतीचा प्रवास दुसऱ्या देशातून सुरू करायचा, हा जुना आणि पूर्ण कायदेशीर उपाय.

आता मोजणी. रोख भाड्यातून अवॉर्डवर भरावी लागणारी रक्कम वजा करायची आणि उरलेल्याला माइल्सने भागायचं. रोख भाडं ६२० डॉलर, अवॉर्डवरचे कर ८० डॉलर, माइल्स ३०,०००: ५४० भागिले ३०,००० म्हणजे माइलला १.८ सेंट. इथे फसगत होते ती रोख भाड्याच्या आकड्यात. बिझनेसचं भाडं ६,००० डॉलर दिसलं म्हणून माइलला ७ सेंट मिळाले असं म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पाठीवर थाप. ते ६,००० तुम्ही खिशातून कधी दिले असते का? जे भाडं खरोखर भरलं असतं तेच धरा. आणि रोख तिकिटावर नवे माइल्स मिळतात, अवॉर्डवर सहसा मिळत नाहीत. तेवढी रक्कमही वजा करा.

ठरावीक दराचा तक्ता ही गोष्ट हळूहळू मागे पडते आहे. डेल्टाने २०१५ मध्ये तक्ता काढला, युनायटेडने २०१९ मध्ये. तिथे आता माइल्सचा आकडा रोख भाड्याबरोबर वर-खाली होतो. एकाच मार्गावर मंगळवारी ३०,००० आणि रविवारी ९०,००० दिसले तर ती चूक नाही. तक्ता असलेल्या प्रोग्रॅममधले माइल्स म्हणूनच जास्त मोलाचे. ब्रिटिश एअरवेजचे माइल्स, म्हणजे एव्हिऑस, अंतरावर चालतात, पण पार्टनरच्या विमानांत प्रत्येक टप्प्याला वेगळा आकडा लागतो. थेट, छोट्या विमानाला झकास. दोन ठिकाणी विमान बदलायचं असेल तर सोडून द्या.

शोधायचं कसं

पूर्ण प्रवास एकदम टाकून शोधू नका. आधी सगळ्यात लांबचा टप्पा, एकेरी, एक प्रवासी. समुद्र ओलांडणारी सीट हीच दुर्मीळ असते. मागचे-पुढचे छोटे टप्पे नंतर जुळतात, आणि नाही जुळले तर वेगळं स्वस्त तिकीट काढता येतं. एक प्रवासी यासाठी, की तिघांचा शोध टाकला आणि कमी दराच्या दोनच सीट असल्या तर बरीच संकेतस्थळं एकही दाखवत नाहीत, किंवा तिघांनाही महाग दर लावतात. एकाने सुरुवात करा, मग दोन, मग तीन. आकडा कुठे उडी मारतो ते दिसलं की तिकीट दोन बुकिंगमध्ये फोडायचं का, हे ठरवता येतं.

टप्पे वेगवेगळे मिळाले तरी जोडून मिळतीलच असं नाही. कंपन्या सीट प्रवासाच्या दोन टोकांप्रमाणे सोडतात. अ ते ब आहे, ब ते क आहे, पण अ ते क मागितलं की "उपलब्ध नाही". उलटही होतं: ब ते क एकटं मिळत नाही, पण अ पासून निघाल्यास मिळतं. म्हणून लांबचा टप्पा एकटा नाही दिसला तर आसपासच्या दुसऱ्या शहरापासून सुरू करून पाहा.

यापेक्षा त्रासदायक म्हणजे भुताटकीच्या सीट. संकेतस्थळावर सीट दिसते, निवडता येते आणि पैसे भरताना एरर येते. पार्टनरकडची जुनी माहिती साठवलेली असते, सीट केव्हाच गेलेली असते. ओळखायचा उपाय एकच: दोन वेगळ्या प्रोग्रॅमच्या संकेतस्थळांवर तपासा. स्टार अलायन्सची सीट युनायटेड आणि एरोप्लॅन दोन्हीकडे दिसली तर ती बहुधा खरी. शिवाय बुकिंग कार्डाच्या पानापर्यंत नेऊन पाहा. कर आणि अंतिम रक्कम नीट आली तर निम्मी परीक्षा पास. शंका उरलीच तर फोन करून, विमान क्रमांक आणि तारीख सांगून, एजंटला ती सीट दिसते का विचारा. सीट्स डॉट एअरोसारखी शोधयंत्रं दिशा दाखवायला उत्तम, पण तिथे "शेवटची तपासणी किती तासांपूर्वी" हे आधी वाचा.

निकालात "मिश्र केबिन" असं लिहिलं असेल तर थांबा. बिझनेसचे पूर्ण माइल्स घेऊन दहा तासांचा टप्पा इकॉनॉमीत आणि दीड तासाचा बिझनेसमध्ये, असंही तिकीट संकेतस्थळं हसतमुखाने विकतात. टप्प्यांचा तपशील उघडून प्रत्येकाची केबिन पाहायची.

माइल्स हलवणं

बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स माइल्स म्हणून विमान कंपनीत हलवता येतात, पण एकदा गेले की परत येत नाहीत. बाजारात तुरी असताना पॉइंट्स हलवणारे पुष्कळ. "पुढेमागे लागतीलच" म्हणून हलवायचे नाहीत; सीट दिसली, दोन ठिकाणी पडताळली, मगच.

अडचण अशी की काही ठिकाणी पॉइंट्स मिनिटभरात पोचतात, तर काही ठिकाणी दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. त्यामुळे बाकीची तयारी आधी हवी. विमान कंपनीतलं खातं आधीच उघडलेलं असावं. दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असावं. एकीकडे मधलं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरही हस्तांतरण अडकतं. नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा, म्हणजे तिकिटावरही तेच येईल. काही कंपन्या फोनवर सीट एक-दोन दिवस धरून ठेवतात, ते विचारायला लाजू नका. हॉटेलचे पॉइंट्स सगळ्यात हळू चालतात. मॅरियटचे ३ पॉइंट्स म्हणजे बहुतेक ठिकाणी १ माइल, आणि एका वेळी ६०,००० हलवले की बहुतेक कंपन्यांत वर ५,००० माइल्स मिळतात. म्हणून २०,००० ऐवजी २५,०००. थोडे थोडे हलवले तर हा बोनस बुडतो.

तिकीट कोणासाठी काढता येतं तेही आधी वाचायचं. क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची नावं नोंदवता येतात, त्यांच्यासाठी आणि स्वतःसाठीच. जपानच्या एएनए या विमान कंपनीत फक्त जवळच्या नात्यातल्यांसाठी, आणि तेही आधी नोंदवलेल्या. युनायटेड किंवा एरोप्लॅनला कोणीही चालतं. मित्राचं तिकीट काढायचं असेल आणि पॉइंट्स एएनएत गेले असतील, तर विषय संपला.

मांडीवरचं बाळ बरोबर असेल तर त्याचं तिकीटही विचारात घ्या. अनेक प्रोग्रॅम आंतरराष्ट्रीय प्रवासात बाळासाठी मोठ्यांच्या रोख भाड्याच्या १० टक्के मागतात. बिझनेसचं रोख भाडं ६,००० डॉलर असेल तर मांडीवर बसणाऱ्याचे ६०० डॉलर. एव्हिऑसमध्ये हे १० टक्के माइल्समध्ये मोजले जातात, एरोप्लॅनमध्ये २५ कॅनेडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट्स. अशा वेळी प्रोग्रॅमची निवडच बदलते.

तिकीट निघालं का?

माइल्स कापले गेले आणि सहा अक्षरांचा पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं नव्हे. पीएनआर म्हणजे फक्त आरक्षण. तिकीट म्हणजे १३ आकड्यांचा क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात, युनायटेडचे ०१६, एअर कॅनडाचे ०१४, सिंगापूरचे ६१८. हा क्रमांक ईमेलमध्ये नसेल आणि २४ तास उलटले असतील तर फोन करा. तिकीट नसलेलं आरक्षण, प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीकडून आपोआप रद्द होतं. त्या कंपनीचा पीएनआर वेगळा असतो. तो मागून घ्या आणि तिच्या संकेतस्थळावर टाका. तिथे सगळे टप्पे "कन्फर्म" आणि तिकीट क्रमांक दिसला की सीट निवडा, जेवण सांगा.

पुढे वेळापत्रक बदललं तर दुरुस्ती तिकीट काढणाऱ्या कंपनीकडूनच होते. विमान ज्यांचं आहे ते "तुमचं तिकीट आमचं नाही" म्हणून हात झटकतात, आणि नियमाने ते बरोबरच असतं. प्रवासाच्या दिवशी मात्र विमानतळावरची जबाबदारी उडवणाऱ्या कंपनीची. बदललेली वेळ स्वीकारल्यावर तिकीट नव्याने निघालं का, हे पुन्हा तपासा. जुन्याच तिकिटावर नवं विमान लटकत राहिलं तर चेक-इनच्या खिडकीशी ते कळतं.

रद्द करताना शुल्क किती हे सगळेच बघतात. माइल्स कोणत्या मुदतीसह परत येतात हे फार कमी जण बघतात. क्रिसफ्लायर, एएनए यांच्यासारख्या प्रोग्रॅममध्ये माइल्सचं आयुष्य मिळाल्यापासून ३६ महिने. जुने, मुदत संपत आलेले माइल्स वापरून आठ महिन्यांनंतरचं तिकीट काढलं आणि मधेच रद्द केलं, तर परत येणाऱ्या माइल्सची मुदत तोवर उलटून गेलेली असू शकते. अशा तिकिटाची फक्त तारीख पुढे ढकलता येते का, हे रद्दचं बटण दाबण्याआधी विचारायचं.