हॉलचा पंचम

गोष्ट एप्रिलमधली आहे. संभाजीनगरच्या एका नव्यानं केलेल्या सभागृहात मी साउंड बघतो. त्या संध्याकाळी शास्त्रीय गायन होतं, पट्टी, म्हणजे गायकाचा 'सा', काळी एक. तंबोरे लावता लावता बुवा थांबले. म्हणाले, "अहो, तुमच्या हॉलचा पंचम उतरलाय."

म्हणजे हॉलात कुठंतरी 'प'च्या जरा खालचा सूर घुमत होता. मला काहीच ऐकू येईना. तरी पहिला संशय माझ्याच वायरींवर. माइकच्या केबली दिव्यांच्या डिमरच्या केबलींपासून लांब ओढल्या, जिथं ओलांडाव्याच लागल्या तिथं काटकोनात टाकल्या. काही जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. तो कलाकाराच्या जिवाशी खेळ आहे, मी करू देत नाही. तास गेला. शेवटी अ‍ॅम्प्लिफायरच बंद केले.

बुवा म्हणाले, "अजून आहे."

म्हणजे आवाज स्पीकरमधून येतच नव्हता! रंगमंचामागच्या प्लायवूडला कान लावला, तर ते थरथरत होतं. पलीकडे एसीचा भलामोठा स्टॅबिलायझर थेट बोल्टनं आवळलेला, मध्ये रबराचा तुकडाही नाही. खुर्च्यांच्या कापडाचा रंग ठरवायला बैठका झाल्या होत्या, साउंडवाल्याला एकदाही बोलावलं नव्हतं.

आपली वीज ५० हर्ट्झची. स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा दर आवर्तनात दोनदा ताणतो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६, त्याचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम १०४ च्या आसपास. तंबोऱ्याची पंचमाची पहिली तार छेडली की दोन सूर सेकंदाला चारेकदा एकमेकांवर हेलकावत होते. मला हे मोबाइलवरच्या स्पेक्ट्रमवर दिसलं, बुवांना बसल्या जागी कळलं होतं.

"तंबोरेच उतरवतो," असंही ते म्हणाले. पण पेटीचे सूर ठरलेले, ती कशी उतरवणार? मी स्टॅबिलायझरसकट एसी बंद करायला लावला. आयोजक माझ्यावर भडकले. लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत बसले. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी घामाघूम होऊन मध्येच उठून गेल्या. त्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण विलंबितात बुवा मंद्र पंचमावर थांबले, तेव्हा तार कुठली आणि गळा कुठला हे सांगता येत नव्हतं.

रबरी पॅडसाठी लगेच अर्ज दिला. नाचगाण्यांच्या कार्यक्रमात कुणाची तक्रार येत नाही, असं उत्तर मिळालं.

परवा पुन्हा गायन आहे. सकाळी पेटीवाल्यांना फोन करून पट्टी विचारली.

"काळी एक."