म्हणीतला बगळा आणि पाण्यातला बगळा

नाटकातला थोरला भाऊ घर विकायच्या कागदांवर धाकट्यांच्या सह्या घेतो. प्रवेश चांगला लांब, पण त्याच्या वाट्याला वाक्यं मोजकीच. बाकी वेळ तो नुसता ऐकतो. पात्राचं अंग शोधायला नट एखादा प्राणी निवडतो, आधी तो अंगात उतरवतो आणि मग त्यातून माणूस काढतो. असे व्यायाम मी घेतो. या नटाने भूमिकेसाठी वाघ निवडला होता आणि तालमीत व्हायचं तेच झालं. खांदे कानाला, हनुवटी पुढे, आवाज घशात, प्रत्येक वाक्याआधी गुरगुर. थोड्याच वेळात आवाज बसायला लागला आणि समोरचे कलाकार दबण्याऐवजी त्याचं वाक्य संपायची वाट बघायला लागले.

प्राणी निवडताना ही गफलत हमखास होते. पात्र क्रूर म्हणून वाघ, लबाड म्हणून कोल्हा, गरीब म्हणून गाय. हे सगळे गोष्टीतले प्राणी. त्यांच्यातून नटाच्या अंगाला काहीच मिळत नाही. म्हणून त्या दिवशी मी स्वभावाचा विषयच काढला नाही. हा माणूस या प्रवेशात करतो काय, एवढंच विचारलं. नट म्हणाला, थांबून राहतो, समोरच्याला जवळ येऊ देतो आणि मग एकदाच, झटकन. म्हटलं, मग बगळा घेऊ. त्याने लगेच डोळे मिटले, हात जोडले आणि ढोंगी साधू झाला. म्हणजे पुन्हा म्हणीतलाच. पाण्यातल्या बगळ्याने डोळे मिटले तर तो उपाशी मरेल.

सुदैवाने त्याने पाणथळ जागी राखी बगळा नीट बघितलेला होता. अशा निरीक्षणाला अर्धा तास तरी द्यावा, आणि त्यातला सुरुवातीचा वेळ वही न उघडता. मग प्रश्न ठरलेले: वजन कुठे आहे, कणा कसा आहे, श्वास कुठे दिसतो, हालचाल कुठून सुटते, कशाने थांबते. व्हिडिओ चालतो, पण त्यात कॅमेरा नेमका हालचालीच्या क्षणांवर जातो आणि आपल्याला हवं असलेलं थांबणं कापलं जातं. नटाच्या टिपणात तीन गोष्टी कामाच्या निघाल्या. धड पुढे सरकतं तेव्हाही डोकं जागच्या जागी राहतं. पाऊल उचलताना बोटं मिटतात आणि टेकताना पसरतात. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मुडपलेली असते आणि झेप घेताना एकदम सरळ होते. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो, तो बाक तिथे पडतो.

आता हे माणसाच्या अंगात आणताना शरीररचना माहीत हवी. पक्ष्याचा मागे वाकणारा ‘गुडघा’ म्हणजे खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. त्यामुळे गुडघे उलटे दाखवायच्या फंदात पडायचं नाही. चवड्यांवर उभं राहायचं, गुडघे किंचित सैल, भार मांड्यांवर. चार पायांच्या प्राण्यात मनगटं दुखतात, इथे पोटऱ्या. दर चार-पाच मिनिटांनी टाचा टेकायच्याच. आणि झेप मानेतून घ्यायची नाही. माणसाच्या मानेत सातच मणके, हिसका बसला की तालीम संपली. झेप खुब्यातून सुटते, छातीचं हाड पुढे जातं, डोकं फक्त सोबत जातं. हात फडफडवायचे नाहीत. बगळा पंख मिटून उभा असतो, म्हणून कोपरं बरगड्यांजवळ.

मग शंभर टक्के बगळा: पंधरा मिनिटं, आवाज नाही, माणूस नाही. हा टप्पा लाजेपोटी उरकला जातो आणि पुढचं सगळं पोकळ होतं. तिथून बगळा कमी करत माणूस वाढवायचा: पंचाहत्तर टक्के बगळा, मग पन्नास, पंचवीस, दहा.

पन्नासवर नटाला टेबल, फाईल आणि पेन दिलं. धाकट्याचं काम करणारा मुलगा संवाद म्हणत टेबलावर हात ठेवून वाकला होता. नट हललाही नाही. फक्त धड सावकाश पुढे आलं, डोकं होतं तिथेच. मग हात सरळ गेला, धाकट्याच्या बोटांशेजारचं पेन उचललं आणि कोपर परत बरगडीला. मुलाने हात मागे ओढला आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. दिग्दर्शकाने तो तुटलेला संवाद तसाच संहितेत ठेवला.

पंचवीसवर बोलायला लागल्यावर मात्र गाडी अडली. वाक्यं कोरडी, घाईची. कारण जुनंच: स्थिर राहायचं म्हटलं की नट श्वास धरतो, बरगड्या आखडतात. स्थिरपणा बाहेर, श्वास आत चालूच, हे वेगळं शिकवावं लागतं. तळहात मागच्या खालच्या बरगड्यांवर ठेवून चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, नजर एका बिंदूवर. ते जमल्यावर ‘इथे सही कर’ हे वाक्य आधीच्या निम्म्या आवाजात आलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

हे व्यायाम अमेरिकेत रशियन अभिनेत्री आणि अभिनयशिक्षिका मारिया ऑस्पेन्स्काया यांनी 1920च्या दशकात रुजवले. पॅरिसमध्ये फ्रेंच नाट्यशिक्षक जॅक लकॉक यांनी 1956 साली काढलेल्या नाट्यशाळेतही प्राणी अभ्यासक्रमाचा भाग होते. लकॉक यांच्या पद्धतीत उलटंही जाता येतं, माणसापासून सुरू करून प्राणी उघडा पाडत जायचं. आम्ही तोच प्रवेश दहा टक्क्यांपासून चढवत नेला. बगळा कुठल्या वाक्यावर आपोआप वर येतो तिथे संहितेत पेन्सिलने खूण केली. खुणा दोनच निघाल्या. माझ्या मते तेवढ्याच असाव्यात. प्रत्येक वाक्यावर प्राणी दिसायला लागला की प्रेक्षक नक्कल बघतो, माणूस बघत नाही.

बाकीची कामं कपडेपटाची आणि नेपथ्याची. ताठ कॉलरमध्ये मान मुडपत नव्हती, म्हणून कॉलर मऊ केली. जाड तळव्याच्या बुटांत चवडा कळेना, तिथे पातळ तळव्याचे दिले. खुर्ची बुटकी होती, बसलं की खुबे गुडघ्यांच्या खाली जायचे आणि पुढे सुटायला जोरच उरायचा नाही. पायांखाली ठोकळे लावून ती दोन इंच उचलली. प्रयोग सुरू झाल्यावर पेन उचलण्यावर हशा येऊ लागला आणि हात दर प्रयोगाला थोडा जास्त लांब जायला लागला. त्यावर उपाय म्हणून प्रयोगाआधी विंगेत पाच मिनिटं पूर्ण बगळा, पण झेप न घेता, नुसतं उभं राहणं.