एनआयपीटीचं रक्त: सुईपासून सेंट्रिफ्यूजपर्यंत

एनआयपीटी म्हणजे गरोदर बाईच्या रक्तावरून बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषांचा अंदाज घेणारी चाचणी. तिचा रिपोर्ट ‘निकाल देता येत नाही’ असा आला की घरच्यांच्या पोटात गोळाच येतो. बरेचदा त्यामागे एवढंच असतं की नमुन्यात गर्भाकडचा डीएनए कमी पडला.

निरोगी माणसाच्याही प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या द्रवात, डीएनएचे सुटे तुकडे असतात. ते मुख्यतः मरणाऱ्या रक्तपेशींचे असतात. गरोदरपणात त्यांत वारेचे (प्लासेंटाचे) तुकडे मिसळतात. ‘बाळाचा डीएनए’ म्हणतात तो खरं तर वारेचाच. 1997 मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी तो आईच्या प्लाझ्मात दाखवून दिला. बाळंतपणानंतर तो झपाट्याने नाहीसा होतो, म्हणून आधीच्या बाळाचं काही या रिपोर्टात शिरत नाही.

दहाव्या आठवड्यानंतर वारेचा वाटा सरासरी 10 टक्के असतो. डाउन सिंड्रोममध्ये 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, तरी एवढ्या वाट्यात त्या गुणसूत्राचे तुकडे जेमतेम 5 टक्क्यांनी वाढतात. वाटा 4 टक्के असेल तर फक्त 2. म्हणूनच अनेक लॅब 4 टक्क्यांखाली निकाल देत नाहीत.

हा वाटा ट्यूबमध्येही घसरतो, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए ट्यूबमधला प्लाझ्मा सुमारे 6 तासांत वेगळा करावा लागतो. उशीर झाला की आईच्या पांढऱ्या पेशी फुटतात. तिचा डीएनए दुप्पट झाला, तर 10 टक्क्यांचा वाटा 5 च्या आसपास येतो. बदलापूरला सकाळी काढलेलं रक्त दिवसभर फिरून परळला पोचणार असेल, तर पेशी टिकवणारी स्ट्रेक ट्यूबच हवी. ती 10 मिलीपर्यंत पूर्ण भरा. अर्धवट भरली तर रसायनाचं प्रमाण बिघडतं. लगेच 8 ते 10 वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा. तिला 6 ते 37 अंश तापमान चालतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बाइकची डिकी याहून सहज तापते. आणि बर्फाच्या पॅकला टेकवून पाठवणंही तितकंच चूक. पावसात गाड्या बंद पडल्या तर ट्यूब खोलीतच उभी ठेवा, मात्र लॅबने दिलेली मुदत पाहा.

लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, दोनदा फिरवणं आलंच: आधी 1600 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1600 पट जोर), मग काढलेला प्लाझ्मा 16000 जी, दोन्ही वेळा 10 मिनिटं. पहिल्या फेरीनंतर पांढऱ्या पेशींच्या थरावरचा अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडा. शेवटच्या थेंबाच्या लोभाने पिपेट खाली गेली की पेशी वर ओढल्या जातात.

फॉर्मवर वजन, हेपरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं आणि सोनोग्राफीत दिसून नंतर विरलेलं जुळं लिहायलाच हवं. वजन जास्त असेल तर वाटा कमी येतो; विरलेल्या जुळ्याची वार मात्र काही आठवडे डीएनए सोडत राहते आणि निकाल चुकवते. मुलगा की मुलगी हे विचारू नका. 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

वाटा कमी आला तर साधारणतः एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त देतात. दुसऱ्यांदाही तेच झालं तर नीट सोनोग्राफी आणि जेनेटिक समुपदेशन घ्या, कारण ट्रायसोमी 18 (18व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त) किंवा ट्रिप्लॉइडीतही (सगळ्याच गुणसूत्रांची एक प्रत जास्त) वाटा कमी असू शकतो. ‘हाय रिस्क’ आला तर तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय मुळीच घेऊ नका. दोष कधी कधी फक्त वारेत असतो, बाळ निरोगी असतं. म्हणून वारेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतही ती शंका उरू शकते. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतरची गर्भजल तपासणी बाळाच्या स्वतःच्या पेशी पाहते.